कोऱ्या संगणकाची नवी मांडणी

वापरलेला संगणक बऱ्या किंमतींत मिळाला म्हणून घरीं आणावा, मुलांनीं भोंवतीं कोंडाळें करावें, आणि कळ दाबतांच काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत 'नो बूटेबल डिव्हाइस' एवढीच ओळ उमटावी, हा अनुभव अलीकडे पुष्कळ घरांना येऊं लागला आहे. ज्यापासून यंत्र सुरू व्हावें असें कांहीं सांपडलें नाहीं, एवढाच त्या ओळीचा अर्थ. परंतु तो ठाऊक नसल्यामुळें घरांत लागलीच दोन पक्ष पडतात. वडीलमंडळी म्हणतात, फसवणूक झाली. तरुणमंडळी म्हणतात, नाक्यावरच्या दुकानांत न्या, तो अर्ध्या तासांत विंडोज 'मारून' देईल.

आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं थोडें थांबावें. विकणाऱ्यानें संगणक पुसून दिला यांत त्यानें आपलें कर्तव्यच केलें आहे. आणि त्या मोकळ्या यंत्रांत काय बसवावयाचें हा प्रश्न दुकानदाराच्या सोयीनें नव्हे, तर घरांतल्या माणसांच्या गरजेनें सुटला पाहिजे. बँकेचे व्यवहार, मुलांचा अभ्यास, आजोबांचीं टिपणें, लग्नामुंजींचीं छायाचित्रें हीं सारीं ज्या यंत्राच्या पोटांत जावयाचीं, त्याचा पाया कोणी व कसा घातला हें घरांतल्या निदान एका माणसाला तरी ठाऊक असावें.

प्रथम, पुसलें जातें तें काय व राहतें तें काय, हें पाहूं. संगणकाच्या मुख्य पाटीवर एक लहानशी चिप बसविलेली असते व तींत यंत्राची अगदीं प्राथमिक अक्कल सांठविलेली असते. हिला बायोस म्हणतात. हें नांव गॅरी किल्डाल या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञानें १९७५ च्या सुमारास आपल्या सीपी/एम या प्रणालींत प्रथम वापरलें. आजच्या यंत्रांत तिची जागा यूईएफआय नांवाच्या अधिक विस्तृत रचनेनें घेतली आहे, तरी लोकांच्या तोंडीं जुनेंच नांव आहे. डिस्क कितीही पुसली तरी ही चिप शाबूत राहते. कळ दाबतांच ती जागी होते, स्मृति व कीबोर्ड जागच्या जागीं आहेत ना हें पाहते, आणि मग जोडलेल्या डिस्कांपैकीं कोणींत कार्यप्रणालीचा आरंभीचा भाग आहे काय, याचा शोध घेते. कार्यप्रणाली, म्हणजे ज्याला सर्वत्र ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती, सांपडली कीं ही चिप सर्व कारभार तिच्या हातीं देऊन बाजूला होते. ती सांपडली नाहीं म्हणजे वर सांगितलेली ओळ लिहून स्वस्थ बसते. यंत्रांत बिघाड असता तर बहुधा ही ओळसुद्धां उमटली नसती.

पुसणें म्हणजे काय, याविषयींही गैरसमज फार. आपण एखादें टिपण केराच्या टोपलींत टाकतों आणि टोपली रिकामी करतों, तेव्हां सामान्यतः अनुक्रमणिकेंतली त्याची नोंद तेवढी जाते. मजकुराचीं पानें जागच्या जागींच राहतात, आणि ज्याला विद्या अवगत आहे तो तीं वाचूं शकतो. म्हणून जबाबदार कचेऱ्या संगणक विकण्यापूर्वीं साऱ्या डिस्कवर नव्यानें आंकडे लिहवितात किंवा डिस्कमधील स्वतःची पुसण्याची आज्ञा चालवितात. असा कोरा संगणक मिळाला तर आधींच्या मालकाचे संकेतशब्द आपल्या घरीं येत नाहींत, आणि त्याच्या यंत्रांत शिरलेले उपद्रवही येत नाहींत. आपला जुना संगणक आपण विकूं तेव्हां हीच रीत पाळावी, हें वेगळें सांगावयास नको.

बाजारांत येणारीं हीं यंत्रें बहुतेक कचेऱ्यांतलीं असतात. मोठ्या कंपन्या ठराविक वर्षांनीं आपले लॅपटॉप बदलतात आणि जुने घाऊक विकतात; तेच पुढें मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्यें किंवा आपल्या गांवच्या एखाद्या दुकानांत येतात. असला कचेरीचा लॅपटॉप बांधणीनें दणकट असतो, त्याचे भाग मिळतात, व स्मृति वाढवितां येते, म्हणून घरासाठीं तो स्वस्त नव्या यंत्रापेक्षां पुष्कळदां बरा, असें आमचें मत आहे. मात्र पैसे मोजण्यापूर्वीं दुकानांतच तो सुरू करवून बायोसच्या पडद्यापर्यंत जावें. तेथें जुन्या कचेरीचा संकेतशब्द अडून बसला असेल तर यंत्र घेऊं नये. कांहीं यंत्रें कंपनीच्या दूरस्थ नोंदवहींतून काढलेलींच नसतात. विंडोज नव्यानें बसवून इंटरनेट जोडतांच तीं त्या कंपनीच्या नोकराचें नांव मागूं लागतात. विकणाऱ्याकडून याविषयीं लेखी खात्री घ्यावी. बॅटरी थकलेली असणार हें गृहीतच धरावें.

आतां विंडोजविषयीं. मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नेहमींचा पाठिंबा थांबविला. थोड्या मुदतीची वाढीव सोय सोडली तर तीत सांपडणाऱ्या नव्या छिद्रांना आतां ठिगळ मिळत नाहीं. २०२१ सालीं निघालेली विंडोज ११ ही टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय मागते, आणि इंटेलचे प्रोसेसर असतील तर साधारणपणें आठव्या पिढीपासूनचेच मान्य करते. २०१६ सालचा थिंकपॅड टी ४६० घ्या: सहाव्या पिढीचा प्रोसेसर, उत्तम कीबोर्ड, दोन दोन बॅटऱ्या; लेखन-वाचनाला कशांत उणा नाहीं, पण विंडोज ११ च्या पंक्तीला त्याला पाट नाहीं. आडवाटेनें बसविणारे बसवितात. परंतु पुढें सुधारणा मिळत राहतील अशी हमी कंपनी देत नाहीं. जें यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसतें त्याच्या मालकाला मात्र एक गोष्ट ठाऊक असावी. विंडोज ८ आल्यापासून, म्हणजे २०१२ पासून, कारखान्यांतून विंडोजसह निघालेल्या बहुतेक यंत्रांत परवान्याची किल्ली डिस्कवर नसून त्या पाटीवरील चिपमध्यें असते. डिस्क पुसली म्हणून परवाना पुसला जात नाहीं. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या पानावरून बसविण्याचें साहित्य फुकट उतरवून घ्यावें, यंत्राबरोबर आली होती त्याच प्रकारची आवृत्ति बसवावी, म्हणजे इंटरनेट जोडतांच ती पुष्कळदां आपण होऊन परवाना ओळखते. हें न कळल्यामुळें कितीतरी लोक स्वतःच्या मालकीची वस्तु सोडून चोरीची प्रत पैसे देऊन घेतात.

आणि चोरीच्या प्रतीविषयीं आम्हांस थोडें कठोर बोलावयाचें आहे. शेजाऱ्याचें पुस्तक वाचावयास आणलें तर त्याला कव्हर घालून परत करणाऱ्या घरांत ही प्रत निःसंकोच येते, कारण ती दिसत नाहीं. नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवूं. ही प्रत खरी आहे असें भासविण्यासाठीं जें लहानसें साधन चालवावें लागतें तें कोणी लिहिलें हें दुकानदारालाही माहीत नसतें. तें चालविण्यापूर्वीं यंत्राचा रखवालदार, म्हणजे विषाणुरोधक, बंद करावा लागतो, आणि तें साधन यंत्राच्या सर्वोच्च अधिकारानें चालतें. ज्या अनोळखी माणसाला आपण असा निर्वेध प्रवेश दिला, त्याच्याच समोर बसून पुढें वर्षानुवर्षें आयकराचीं विवरणपत्रें भरावयाचीं आणि बँकेचा संकेतशब्द लिहावयाचा, यांतला धोका वाचकांनींच तोलून पाहावा.

या अडचणींतून सन्मानानें बाहेर पडण्याचा मार्ग गेलीं कित्येक वर्षें उघडा आहे. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांनीं १९८३ सालीं, सर्वांना वापरतां, तपासतां, बदलतां व वांटतां येईल अशी प्रणाली घडविण्याचा संकल्प जाहीर केला व त्याला ग्नू हें नांव दिलें. पुष्कळ भाग तयार झाले, पण यंत्राशीं प्रत्यक्ष बोलणारा गाभा पुरा होईना. तो दुसऱ्याच दिशेनें आला. हेलसिंकीच्या विद्यापीठांतील लिनस टोरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें जानेवारी १९९१ मध्यें स्वतःसाठीं एक संगणक घेतला, त्यावर मिळणाऱ्या प्रणालीनें त्याचें समाधान होईना, आणि ऑगस्टमध्यें आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहीत असल्याचें त्यानें जाहीर केलें. तोच लिनक्स. पुढें निरनिराळ्या मंडळींनीं या गाभ्याभोंवतीं आपापलीं संपूर्ण बिऱ्हाडें थाटलीं: १९९३ चें डेबियन, २००४ चें उबुंटू, २००६ चें लिनक्स मिंट. आपल्याकडे सी-डॅकनें डेबियनच्या पायावर बॉस ही प्रणाली काढली, आणि केरळांतील सरकारी शाळांतून मुलें असल्याच मुक्त प्रणालीवर शिकतात. तेव्हां ही कांहीं मूठभर हौशी लोकांची चैन राहिलेली नाहीं.

घरासाठीं आम्ही लिनक्स मिंट सुचवितों. तिचा चेहरा विंडोजला सरावलेल्या माणसाला परका वाटत नाहीं. दोन गिगाबाइट स्मृतीवर ती चालते. चार असल्या तर सुखानें. तिचें एक्सएफसीई नांवाचें हलकें रूप जुन्या यंत्रांना विशेष मानवतें. जुलै २०२४ मध्यें निघालेल्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळावयाच्या आहेत.

प्रत्यक्ष कृति अवघड नाहीं, पण निवांतपणें करावी. दुसऱ्या एखाद्या चालू संगणकावर मिंटच्या अधिकृत पानावरून प्रणालीची फाइल उतरवून घ्यावी. ती सुमारें तीन गिगाबाइटची असते. त्या पानावर पडताळणीचा एक लांबलचक आंकडा दिलेला असतो. उतरविलेल्या फाइलचा आंकडा काढून त्याच्याशीं जुळवून पाहावा. फाइल वाटेंत तुटली असेल तर तो जुळत नाहीं. पुष्कळ लोक ही पायरी गाळतात आणि मग अर्ध्यावर अडलेल्या यंत्राला दोष देतात. मग आठ गिगाबाइटच्या पेन ड्राइव्हवर ती फाइल रूफस किंवा एचर यांसारख्या साधनानें लिहावी. नुसती नक्कल करून भागत नाहीं, कारण बायोसला सांपडेल अशा मांडणींत ती लिहावी लागते. आणि पेन ड्राइव्हवर आधींचें जें असेल तें यांत जातें. मग पेन ड्राइव्ह कोऱ्या संगणकाला लावून सुरू करतांनाच ठराविक कळ दाबावी: डेल व लेनोव्हो यांत बहुधा एफ १२, एचपी यांत एफ ९. कोठून सुरू व्हावयाचें याची यादी येते, तींतून पेन ड्राइव्ह निवडावा.

येथें या प्रणालीची एक मोठी सोय आहे. ती डिस्कला हात न लावतां केवळ पेन ड्राइव्हवरून चालून दाखविते. पडदा नीट दिसतो काय, आवाज येतो काय, वाय-फाय मिळतें काय, छापण्याचें यंत्र ओळखलें जातें काय, हें सर्व बसविण्यापूर्वींच पाहतां येतें. एक अख्खी दुपार यांत घालवावी. घरांतल्या प्रत्येकानें पांच मिनिटें बसून पाहावें, आणि ज्यांना डोळ्यांचा त्रास आहे त्यांच्यासाठीं अक्षर मोठें करून पाहावें. क्वचित् वाय-फायची चिप ओळखली जात नाहीं; तेव्हां मोबाइल केबलनें जोडून त्याचें इंटरनेट वापरावें व लागणारा भाग उतरवून घ्यावा. यंत्र जुनें असेल तर पाटीवरील नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपलेला असतो. मग घड्याळ भलतीच तारीख दाखवितें, आणि तारीख चुकली कीं बँकेचीं व इतर सुरक्षित पानें उघडेनाशीं होतात. एवढ्याशा सेलपायीं सारा संगणक बाद ठरविलेला आम्हीं पाहिला आहे.

समाधान झाल्यावर पडद्यावरील बसविण्याचें चिन्ह दाबावें. भाषा, कीबोर्ड, गांव असे साधे प्रश्न होतात, आणि मग तो प्रश्न येतो: डिस्क पुसून प्रणाली बसवावयाची काय, व कोणती डिस्क?

कोऱ्या यंत्रांत गमावण्यासारखें कांहींच नसतें, म्हणून या प्रश्नाला लोक डोळे मिटून होकार देतात. गमावण्यासारखें असतें तें यंत्राला जोडलेल्या वस्तूंत. आमच्या परिचयाच्या एका घरीं हें घडलें. पुतण्या अभियांत्रिकीच्या वर्गांत शिकणारा, हुशार. त्यानें काकांसाठीं जुना लॅपटॉप मांडावयास घेतला. कांहीं फाइली काढण्यासाठीं घरची बाहेरची डिस्क त्यानें सकाळीं त्यालाच जोडली होती, ती तशीच राहिली. यादींत दोन डिस्का दिसत होत्या. त्यानें वरची निवडली आणि 'काका, अर्ध्या तासांत होतें,' असें म्हणून तो चहाला उठला. काका खोलींत आले तों त्यांना वेगळेंच दिसलें. "अरे, त्या काळ्या डबीचा दिवा कां लुकलुकतो आहे?" त्यांनीं विचारलें. पुतण्यानें धांवत येऊन डबी ओढून काढली. पण तोंपर्यंत तिची अनुक्रमणिका गेली होती. त्या डबींत आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनापासून घरचीं सारीं छायाचित्रें होतीं, आणि दुसरी प्रत कोठेंही नव्हती.

डिस्क मोठी व नवी प्रणाली लहान, म्हणून बराचसा मजकूर झांकला गेला नव्हता. मुलानें त्या डबीवर पुढें एक अक्षरही लिहूं दिलें नाहीं, आणि फोटोरेक नांवाच्या मोफत साधनानें रात्रभर तिचा कण न् कण वाचून काढला. हें साधन अनुक्रमणिकेकडे पाहत नाहीं. चित्राच्या आरंभाची खूण जेथें दिसेल तेथून चित्र उचलतें. हजारों छायाचित्रें परत आलीं. पण नांवांवांचून आलीं, नुसते आंकडे लागून. कॅमेऱ्यानें काढलेल्यांच्या पोटांत तारीख असते, तीं लागलीं. परंतु जुन्या अल्बमांतून स्कॅन केलेल्या शेंदीडशें चित्रांत कोण कोण आहे हें केवळ फाइलच्या नांवांत लिहिलेलें होतें, आणि तो अल्बम केव्हांच वाळवीनें खाल्ला होता.

मग त्या घरांत कित्येक दिवस दुपारचा चहा झाला कीं तोच लॅपटॉप आजींच्या पुढें ठेवण्यांत येई. पुतण्या एकेक चित्र दाखवी, सूनबाई नांवें लिहून घेई. "आजी, हे पागोटेवाले कोण?" "अरे, हे माझे मामंजी. आणि ही शेजारीं उभी आहे ना, ती त्यांची धाकटी बहीण. बाळंतपणांत गेली बिचारी." अशा रीतीनें पुष्कळ नांवें परत मिळालीं, आणि पूर्वीं कोणी लिहून ठेविलेल्या नव्हत्या अशाही गोष्टी त्यांबरोबर आल्या. परंतु वीसबावीस चेहरे असे निघाले कीं ज्यांच्यावर आजी बोट ठेवीत, बराच वेळ पाहत, आणि मान हलवीत. तीं चित्रें आजही आंकड्यांनींच ठेविलेलीं आहेत.

यासाठीं, 'डिस्क पुसा' या शब्दांवर बोट जाण्यापूर्वीं बसविण्याचा पेन ड्राइव्ह सोडून बाकी सर्व वस्तु, बाहेरच्या डिस्का, मोबाइल, कॅमेऱ्याचें कार्ड, काढून दुसऱ्या खोलींत ठेवाव्या. आणि यादींतील डिस्कचा आकार लॅपटॉपच्या आकाराशीं जुळतो ना, हें दुसऱ्या माणसाकडून मोठ्यानें वाचवून घ्यावें. याच वेळीं सारी डिस्क कुलूपबंद करण्याचा पर्याय मिळतो. लॅपटॉप बाहेर न्यावयाचा असेल तर तो अवश्य घ्यावा, पण त्याचा संकेतशब्द हरवला तर कोणाचाही इलाज चालत नाहीं. म्हणून तो कागदावर लिहून दागिन्यांच्या पेटींत ठेवावा. पुढचें काम यंत्र आपण होऊन करतें.

आतां मराठीविषयीं, कारण आमच्या वाचकांचा खरा जिव्हाळा तेथें आहे. ज्या १९९१ सालीं लिनक्स जन्मला त्याच सालीं युनिकोडची पहिली आवृत्ति देवनागरीसह प्रसिद्ध झाली, आणि भारतीय लिप्यांच्या संगणकीय संकेतांचें भारतीय मानकही त्याच सालचें. या तिघांची सांगड आज आपल्याला आयती मिळते. कीबोर्डच्या मांडण्यांत जाऊन भारतीय भाषांपैकीं मराठी निवडली कीं इनस्क्रिप्ट तरी मिळतें किंवा उच्चाराप्रमाणें चालणारी कागपा मांडणी तरी. यासाठीं वेगळें कांहीं विकत घ्यावें लागत नाहीं. उच्चाराची रीत लौकर जमते. पण ज्यांना पानेंच्या पानें लिहावयाचीं आहेत त्यांनीं महिनाभर खपून इनस्क्रिप्ट शिकावें, तींत स्वर डाव्या हाताला व व्यंजनें बहुतेक उजव्या हाताला असल्यामुळें लेखनाला एक ठेका येतो. लेखनासाठीं लिबरऑफिस मिंटबरोबरच येतें. एक अडचण मात्र सांगून ठेवितों. युनिकोड रुळण्यापूर्वीं टंकलिखित केलेलीं मराठी हस्तलिखितें नव्या यंत्रावर उघडलीं तर रोमन अक्षरांची निरर्थक रास दिसते. मजकूर नष्ट झालेला नसतो. त्या काळच्या टंकांत रोमन अक्षराच्या जागीं देवनागरी आकृति बसविलेली असे, एवढेंच. तो टंक मिळवून बसवावा, किंवा रूपांतर करणारें साधन वापरावें; फाइल निकामी समजून टाकूं नये.

हा मार्ग सर्वांनाच मानवेल असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यांचा हिशेबनिसीचा धंदा केवळ विंडोजवर चालणाऱ्या साधनावर अवलंबून आहे, ज्यांना डिजिटल सहीच्या टोकननें रोज सरकारी कामें करावयाचीं आहेत, किंवा ज्यांच्या मुलांच्या शाळेनें एखादें विशिष्ट साधन सक्तीचें केलें आहे, त्यांनीं अटींत बसणारें यंत्र पाहून परवान्याची विंडोजच घ्यावी. मधला मार्ग म्हणून एकाच यंत्रांत दोन्ही प्रणाली ठेवण्याची युक्ति आहे. परंतु अनेक हातांच्या घरांत ती गोंधळ वाढविते, म्हणून आम्ही तिची शिफारस करीत नाहीं.

बसवून झाल्यावर त्याच दिवशीं करावयाचीं दोन कामें राहतात. एकत्र कुटुंबांत प्रत्येकासाठीं स्वतंत्र खातें उघडावें. लहान मुलांच्या खात्याला नवीं साधनें बसविण्याचा अधिकार देऊं नये, आणि तो एकाऐवजीं दोघां मोठ्यांकडे ठेवावा, म्हणजे एक परगांवीं गेला तरी अडत नाहीं. नंतर सुधारणा उतरवून घ्याव्या व टाइमशिफ्ट हें मिंटमधील साधन सुरू करावें. एखादी सुधारणा बाधली तर त्याच्या योगानें प्रणाली आधींच्या स्थितीला नेतां येते. छायाचित्रांची प्रत मात्र तें ठेवीत नाहीं. ती दोन निरनिराळ्या डिस्कांवर, शक्य तर दोन निरनिराळ्या घरीं, ठेवावी. ज्या पेन ड्राइव्हवरून प्रणाली बसविली तोही पुसूं नये. त्याला चिठ्ठी बांधून, तींत आवृत्तीचा आंकडा, तारीख आणि सुरू करतांना दाबावयाची कळ लिहून, तो विजेच्या बिलांच्या खणांत टाकून ठेवावा.